उन्हाळ्यातील अंगण : घराची बिनछपराची खोली

मार्च महिना सरत आला की देशाच्या बहुतांश भागांत तापमानाचा पारा चढू लागतो आणि घरोघरी पंखे, कूलर व वातानुकूलन यंत्रांची चर्चा सुरू होते. मात्र ही यंत्रे येण्यापूर्वीही येथील माणूस वैशाख-ज्येष्ठाचे दिवस काढतच होता. त्या काळी त्याचा मुख्य आधार असे तो घरापुढील अंगणाचा, घरामधील चौकाचा, मागील परसदाराचा आणि वरच्या गच्चीचा. उन्हाळ्याचे तीन-चार महिने घराचा निम्मा संसार या उघड्या जागेत चाले. जेवण, गप्पा, वाळवणे, मुलांचे खेळ, पाहुण्यांची उठबस आणि रात्रीची झोप या सर्वांना तेथे जागा होती.

आज या जागेकडे एक तर शोभेची बाब म्हणून पाहिले जाते किंवा बांधकामासाठी शिल्लक राहिलेला तुकडा म्हणून. वस्तुतः उन्हाळ्यातील अंगण ही घराची एक खोलीच होय. तिला छप्पर नाही, हाच तिचा गुण आहे. सावली, पाणी, वारा आणि मोकळे आकाश या चार गोष्टींच्या आधारे ही खोली कशी थंड होते आणि ती नाहीशी झाल्यास काय गमवावे लागते, हे समजून घेणे वाढत्या उष्म्याच्या काळात अगत्याचे ठरते.

घड्याळाप्रमाणे चालणारी जागा

अंगणाचा पहिला नियम वेळेचा आहे. घरातील इतर खोल्या दिवसभर वापरता येतात. अंगण मात्र सूर्याच्या चालीप्रमाणे वापरावे लागते. पहाटे सडा-संमार्जन होऊन रांगोळी पडे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचा काळ असतो. या काळात अनेक घरांपुढे चैत्रांगण रेखाटले जाते. संध्याकाळी हळदीकुंकवासाठी येणाऱ्या स्त्रियांना कैरीची डाळ आणि पन्हे दिले जाते. ही रीत महाराष्ट्राबरोबरच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांतूनही पाळली जाते. पन्हे आणि कैरीची डाळ हे उन्हाळ्याचेच पदार्थ होत आणि त्यांची वेळही उन्हे कलल्यानंतरची आहे.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास अंगण वाळवणांच्या ताब्यात जाई. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, हळद आणि वर्षभराचे धान्य या सर्वांना कडक ऊन लागते. हे काम शेजारणी एकमेकींच्या अंगणात आळीपाळीने उरकीत. कावळ्या-चिमण्यांपासून वाळवणाची राखण करण्याचे काम मुलांकडे असे. दुपारी बारा ते चार या वेळात मात्र माणसाने अंगणात थांबायचे नाही, दारे-खिडक्या लोटून माजघराच्या काळोखात पडायचे, असा दंडक होता. चार-पाचनंतर पुन्हा सडा पडे, ओट्यावर सतरंजी येई, आणि रात्री बाजा व खाटा बाहेर निघत.

या वेळापत्रकात एक साधे तत्त्व दडलेले आहे. ज्या वेळी घराचे आतील भाग थंड असतात त्या वेळी आत राहावे. भिंती तापून आत उकडू लागले की बाहेर यावे. जाड मातीच्या किंवा दगडी भिंतींतून उष्णता आत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. त्यामुळे दुपारी घर थंड राहते आणि रात्री ते उबदार होते. नेमक्या त्याच वेळी अंगण निवू लागते. जुने घर आणि त्याचे अंगण हे असे एकमेकांस पूरक होते.

सावलीचे गणित

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याचा घरावर होणारा परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या सर्व ठिकाणी वर्षातून दोन दिवस असे येतात की भर मध्यान्ही सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी लुप्त होते. यास शून्य सावली दिवस म्हणतात. यांपैकी पहिला दिवस पुणे व मुंबई येथे मे महिन्याच्या मध्यास, तर नागपूर येथे २६ मेच्या सुमारास येतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे असा दिवस येत नाही. तथापि जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य तेथेही माथ्याच्या अगदी जवळ असतो.

याचा अर्थ असा की मे महिन्यात दुपारचे ऊन मुख्यतः छपरावर आणि जमिनीवर पडते. दक्षिणेकडील भिंतीवर ते फारसे पडत नाही. लहानशा छज्जानेही ती सावलीत राहते. खरा त्रास होतो तो पश्चिमेकडून. तिसऱ्या प्रहरी सूर्य खाली उतरतो, त्याचे किरण तिरपे होऊन भिंतीवर थेट आदळतात आणि त्या वेळी हवाही दिवसातील सर्वाधिक तापलेली असते. छज्जा येथे कामास येत नाही, कारण किरण त्याच्या खालून आत शिरतात. म्हणूनच अंगणात किंवा परसदारी एकच झाड लावण्याइतकी जागा असेल तर ते घराच्या पश्चिमेस लावावे, हा सल्ला शास्त्राला धरून आहे. झाडास जागा नसेल तर बांबूच्या ताटीवर चढविलेली वेल तेच काम करते. मधुमालती, जाई-जुई यांसारख्या फुलवेली किंवा दुधी, दोडका, घोसाळे यांसारख्या भाजीच्या वेली त्यासाठी चालतात.

झाडाची सावली आणि पत्र्याची सावली यांत फरक आहे. पत्रा स्वतः तापतो आणि ती उष्णता खाली बसलेल्यांच्या अंगावर फेकतो. झाडाचे पान मुळांनी शोषलेले पाणी वाफेच्या रूपाने बाहेर सोडीत असल्यामुळे फारसे तापत नाही. त्यामुळे झाडाखाली हवेचे तापमान थोडेच कमी असले, तरी अंगाला जाणवणारा गारवा पुष्कळ असतो. कडुनिंब, करंज आणि पिंपळ यांना उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पालवी फुटते व ऐन मे महिन्यात त्यांची सावली दाट असते. आंबा तर बारमाही हिरवा असतो. उलट गुलमोहर फुलतो तेव्हा त्यावर पाने विरळ असतात; तो डोळ्यांस सुखावतो, पण सावली देत नाही. अंगणातील झाडे निवडताना हा भेद लक्षात घ्यावा लागतो.

शिडकाव्याचे शास्त्र

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडण्याची प्रथा भारतभर आढळते. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी पूर्णपणे सुकते तेव्हा ते सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषून घेते. विजेच्या भाषेत सांगायचे तर ही उष्णता अर्ध्या युनिटाहून अधिक भरते. बादलीभर पाण्याने तापलेली फरशी का निवते, याचा उलगडा या आकड्यावरून होतो. माठातील पाणी, वाळ्याचा पडदा आणि डेझर्ट कूलर ही सर्व याच तत्त्वाची निरनिराळी रूपे होत.

मात्र हे तत्त्व सर्वत्र सारखे चालत नाही. नागपूर, जळगाव, जयपूर, दिल्ली येथे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते. ती पाणी भराभर शोषून घेते आणि शिडकाव्याचा गुण तत्काळ दिसतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नई येथे हवेत आधीच बाष्प भरलेले असते. तेथे शिंपडलेले पाणी हळूहळू सुकते, गारवा थोडा मिळतो आणि घुसमट मात्र वाढते. किनारपट्टीवर पाण्यापेक्षा वाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे यांना घरातून आरपार वाट मिळेल अशी रचना तेथे हितावह असते.

शिडकाव्याची वेळही महत्त्वाची आहे. भर उन्हात टाकलेले पाणी पाहता पाहता उडून जाते आणि जमीन पुन्हा तापते. ऊन उतरल्यावर टाकलेले पाणी मात्र जमिनीत साठलेली दिवसाची उष्णता घेऊन जाते व नंतर जमीन थंडच राहते. शेणाने सारवलेली मातीची जमीन पाणी थोडे मुरवून सावकाश सोडते, त्यामुळे तिचा गारवा अधिक वेळ टिकतो. सिमेंटच्या फरशीवरून तेच पाणी वाहून जाते. पाणीटंचाईच्या भागात पिण्याचे पाणी शिंपडणे अर्थातच योग्य नव्हे. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी या कामी पुरते.

रात्रीचे आकाश

अंगणाला छप्पर नसण्याचा सर्वांत मोठा लाभ रात्री मिळतो. प्रत्येक वस्तू सतत उष्णता प्रारित करीत असते. दिवसा सूर्याकडून मिळणारी उष्णता त्याहून अधिक असल्यामुळे जमीन तापते. सूर्यास्तानंतर मात्र ही आवक थांबते आणि जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यास ही उष्णता अडथळ्याविना निघून जाते. ढग, धूर किंवा दमट हवा असल्यास तिचा बराचसा भाग खाली परततो. राजस्थान किंवा विदर्भातील रात्र मुंबईच्या रात्रीपेक्षा दिवसाच्या मानाने अधिक निवते, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

आकाशाच्या या शीतलतेचा वापर भारतात चक्क बर्फ तयार करण्यासाठी केला जात असे. ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद (आजचे प्रयागराज) आणि कलकत्त्याच्या परिसरातील या पद्धतीचे वर्णन केले आहे. उघड्या जागी उथळ चौकोनी खड्डे खणून त्यांत ऊस किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत. त्यावर मातीच्या लहान, उथळ पसरट भांड्यांत उकळून गार केलेले पाणी सायंकाळी भरून ठेवीत. हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री, हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही, पहाटेपर्यंत त्या भांड्यांत बर्फाचा थर जमे. तो गोळा करून उन्हाळ्यासाठी साठविला जाई. वाळलेल्या ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, सच्छिद्र भांड्यांतून थोडे पाणी झिरपून सुकत असे आणि उरलेली उष्णता आकाश खेचून घेई.

गच्चीवर किंवा अंगणात टाकलेली खाट हे याच तत्त्वाचे घरगुती रूप आहे. सुंभाने किंवा नवारीने विणलेल्या बाजेतून खालूनही वारा खेळतो आणि वर आकाश मोकळे असते. उत्तर भारतात गच्चीवर झोपण्याची पद्धत इतकी रूढ होती की अवचित पाऊस आल्यास अंथरूण-पांघरूण घेऊन आसरा घेता यावा यासाठी गच्चीवर एक लहान खोली बांधीत. दिल्लीत तिलाच बरसाती म्हणतात.

चौकाच्या रचनेतही रात्रीचा हा गारवा साठविण्याची युक्ती आहे. थंड हवा जड असते. छपरावरून व गच्चीवरून निवलेली हवा चौकात उतरते, तळाशी साचते आणि सभोवतालच्या ओसरीत व खोल्यांत पसरते. चौकाच्या उंच भिंतींमुळे सकाळी ऊन उशिरा आत येते. त्यामुळे रात्री साठलेला गारवा दिवसाच्या पूर्वार्धात पुरतो. मध्यान्हीनंतर चौक तापतो, हवा वर चढू लागते आणि खालच्या दारांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. अशा रीतीने चौक घराच्या श्वासोच्छ्वासाचे काम करतो.

प्रदेशागणिक निराळे रूप

हवामानानुसार अंगणाचे रूप बदलत गेलेले दिसते. राजस्थानातील हवेल्या आणि अहमदाबादच्या पोळांतील घरे यांचे चौक अरुंद व खोल आहेत, कारण तेथे ऊन टाळणे हे पहिले काम आहे. अहमदाबादच्या अनेक जुन्या घरांत चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असते. हे जुने शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तो मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. तेथील पोळांतील घरांची चौकाभोवतीची मांडणी हा या वारशाचाच भाग आहे.

महाराष्ट्रातील वाड्याचा मोठेपणा चौकांवरून मोजला जाई. एकचौकी, दोनचौकी असे शब्द त्यातूनच आले. चौकाभोवती पडवी, पडवीमागे सोपा व माजघर अशी रचना असल्यामुळे ऊन व माजघर यांच्यामध्ये सावलीचे दोन पदर राहत. केरळमधील नालुकेट्टु घरात मध्यभागी नडुमुट्टम नावाचा चौक असतो. तेथे पाऊस फार, म्हणून छपरे चारही बाजूंनी आत उतरती असतात. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील प्रशस्त घरांतून एकामागे एक चौक येतात. गोव्यातील मोठ्या हिंदू घरांत मधल्या चौकास राजांगण म्हणतात.

कोकणात अंगणाचा थाट वेगळा आहे. पाऊस संपला की अंगण चोपून, शेणाने सारवून खळ्यासारखे सिद्ध करतात. पोफळीच्या खांबांवर मांडव घालतात आणि त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप अंथरतात. झापांच्या फटींतून वारा वाहतो, ऊन मात्र गाळून येते. आमसुलांसाठी रातांबे फोडणे, फणसाची पोळी वाळविणे, आंबे पिकविण्यासाठी आढी लावण्याची तयारी करणे ही सर्व कामे या मांडवाखाली होतात. लग्नकार्येही तेथेच उरकतात. मृगाच्या आधी मांडव उतरविला जातो. घरास जोडलेली ही एक हंगामी खोलीच होय आणि तिचा खर्च परसातील माड-पोफळीच भागवितात.

परसदाराचे काम आणखी वेगळे आहे. न्हाणीघराचे पाणी परसात सोडलेले असते. त्यावर केळी, अळू आणि कढीलिंब वाढतात. विहिरीवरचे किंवा भांडी घासण्याचे पाणी शेवग्याला, लिंबाला जाते. त्यामुळे मे महिन्यातही घराची मागची बाजू हिरवी राहते व तिकडून येणारी झुळूक थंड असते. सांडपाण्याची विल्हेवाट, भाजीची सोय आणि घराचा गारवा ही तिन्ही कामे येथे एकाच वेळी साधतात.

मोकळी जागा गेल्यावर

शहरांच्या वाढीबरोबर जमिनीचे मोल वाढले आणि अंगण हा न परवडणारा भाग ठरला. वाडे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. स्वतंत्र घरे असलेल्या वस्त्यांतूनही अंगण फरशीने झाकून मोटारी उभ्या करण्याची पद्धत पडली. सिमेंट, विटा आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात व रात्री ती सावकाश सोडतात. दाटीने उभ्या असलेल्या इमारतींमधून आकाशाचा तुकडाच दिसत असल्याने ही उष्णता वर न जाता समोरच्या भिंतीवर पडते. त्यातच वातानुकूलन यंत्रे आतील उष्णता बाहेरच्या गल्लीत टाकतात. परिणामी शहरातील रात्र आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा उष्ण राहते.

रात्रीचा हा उष्मा केवळ गैरसोयीचा नसून धोक्याचा आहे. दिवसभर उन्हाचा ताण सोसलेल्या शरीरास रात्री सावरण्यासाठी गारव्याची गरज असते. तो न मिळाल्यास हृदय व मूत्रपिंडांवरील ताण दिवसागणिक साठत जातो. भारतीय हवामानशास्त्र विभाग दिवसाच्या उष्णतेच्या लाटेप्रमाणेच उष्ण रात्रीचाही इशारा देतो. कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस वा अधिक असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून अधिक वर राहिले, तर ती उष्ण रात्र मानली जाते. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर किमान तापमान ३५.२ अंशांपर्यंत राहिल्याची नोंद झाली. म्हणजे रात्रीच्या सर्वांत थंड वेळीही पारा त्याखाली उतरला नाही.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर गेले होते. त्या एका महिन्यात तेथे नेहमीपेक्षा सुमारे १,३०० अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले. या अनुभवातून अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्मा कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील तो अशा प्रकारचा पहिला आराखडा होता. पुढे देशातील अनेक शहरांनी व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २०१५ सालच्या उष्णतेच्या लाटेत आंध्र प्रदेश व तेलंगणात मिळून दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा अशा आराखड्यांची निकड पुन्हा दिसून आली.

या मृत्यूंमध्ये उन्हात राबणारे मजूर असतात, तसेच घराबाहेर न पडलेले वृद्ध आणि आजारीही असतात. पत्र्याच्या छपराखालील एका खोलीत संध्याकाळनंतर बसणे अशक्य होते. अशा वस्त्यांतून घरापुढील हातभर ओटा, गल्लीचा रुंद भाग किंवा पिंपळाचा पार हेच सर्वांचे अंगण असते. तो भाग वाहने वा अतिक्रमण यांनी व्यापला गेला, की वस्तीची निवण्याची एकमेव जागा जाते. मोकळ्या जागेचा प्रश्न म्हणूनच केवळ बंगलेवाल्यांचा राहत नाही.

नव्या वसाहतींतील प्रयोग

लहान घरांनाही अंगण देता येते, हे काही वास्तुशिल्पकारांनी दाखवून दिले आहे. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८० च्या दशकात अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी घरांची वसाहत आखली. तिच्यात सात घरांचा एक समूह सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या सामाईक चौकाभोवती बसविला आणि प्रत्येक घरास स्वतःची उघडी जागाही ठेवली. उष्ण हवामानात आकाशाखालील जागा ही गरिबाच्या घराची सर्वांत स्वस्त खोली असते, हा विचार त्यामागे होता. पुढील काळात तेथील अनेक कुटुंबांनी आपली घरे वाढविली. काहींनी उघडी जागा बांधकामात सामावून घेतली, तरी सामाईक चौकांमुळे वसाहतीचा मूळ आराखडा आजही ओळखू येतो.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळ आखलेल्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना जोते, पाण्याची व शौचालयाची सोय आणि पुढे घर वाढविण्याची मुभा देण्यात आली. घरापुढील ओटा आणि गल्लीची रुंदी यांना तेथे विशेष महत्त्व दिले गेले. या प्रकल्पास १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तर दोशी यांना २०१८ साली प्रिट्झकर पुरस्काराने गौरविण्यात आले. ते हा सन्मान मिळविणारे पहिले भारतीय होत.

आज काय करता येईल

ज्यांच्यापाशी अंगण किंवा परसदार आहे त्यांनी प्रथम फरशीचे क्षेत्र कमी करावे. वाहनासाठी दोन चाकोऱ्यांपुरती फरशी पुरते. मधली जमीन माती किंवा गवताची ठेवता येते. बसण्याची जागा अशी निवडावी की तेथे तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचे ऊन येणार नाही आणि संध्याकाळचा वारा अडणार नाही. उंच, भरीव कुंपणभिंत वारा अडविते. मेंदीचे किंवा अडुळशाचे कुंपण तो येऊ देते. बसण्यासाठी धातूच्या खुर्च्यांपेक्षा बाज, वेताची खुर्ची किंवा लाकडी बाक सोयीचे, कारण ते तापत नाहीत. मोगरा उन्हाळ्यातच बहरतो व त्याचा सुवास संध्याकाळीच दरवळतो; बसण्याच्या जागेजवळ त्याची एक-दोन रोपे लावणे पूर्वापार चालत आलेले आहे.

ज्यांच्यापाशी केवळ गच्ची आहे त्यांनी ती पांढऱ्या रंगाने किंवा चुन्याने रंगविल्यास ऊन परावर्तित होते, खालची खोली कमी तापते आणि रात्री गच्चीही लवकर निवते. अहमदाबादच्या उष्मा कृती कार्यक्रमात अशा थंड छपरांचा समावेश आहे आणि तेलंगण राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. सदनिकेत राहणाऱ्यांना इमारतीची गच्ची सायंकाळी सर्वांसाठी खुली ठेवण्याचा निर्णय घेता येतो. कठडा भक्कम व पुरेसा उंच असणे ही त्याची पहिली अट आहे. सार्वजनिक उद्याने उन्हाळ्यात अधिक वेळ उघडी ठेवल्यास ज्यांच्या घरास अंगण नाही त्यांनाही सावलीचा लाभ मिळतो.

उघड्यावरील वास्तव्यात काही दक्षता अनिवार्य आहेत. डेंगीचा प्रसार करणारे एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. कूलरची टाकी, कुंड्यांखालील ताटल्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण रिकामे करून, घासून पुन्हा भरावे. रात्री मच्छरदाणी वापरावी. बाहेर झोपताना जमिनीवर अंथरूण टाकू नये. मण्यार हा अतिविषारी साप रात्री संचार करतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होण्याचा संभव असतो. दंशाच्या जागी वेदना व सूज फारशी नसल्याने तो पुष्कळदा लक्षातही येत नाही. खाट व मच्छरदाणी यांमुळे हा धोका बराच टळतो. कोकणात विंचूदंशाचे प्रमाणही लक्षणीय आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध झाला असला, तरी तो वेळेत मिळणे आवश्यक असते. साप वा विंचू चावल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

सर्वांत महत्त्वाची दक्षता पुन्हा वेळेचीच आहे. दुपारी उघड्यावर थांबणे टाळावे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने अनेकांचा मृत्यू झाला. सावली नसलेली मोकळी जागा आणि अंगण यांत किती अंतर आहे, हे या घटनेने दाखवून दिले. चक्कर, मळमळ, तीव्र डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसल्यास त्या व्यक्तीस तत्काळ सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसून वारा घालावा व वैद्यकीय मदत मिळवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने पाणी देऊ नये.

पंखा आणि वातानुकूलन यंत्र यांची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. वृद्ध व आजारी व्यक्तींना तर ती आवश्यकच ठरतात. परंतु वीज गेली की ती बंद पडतात, आणि ज्यांना ती परवडत नाहीत अशी कुटुंबे देशात असंख्य आहेत. त्यांच्या वाट्याला येणारा गारवा झाडाखालचा, ओट्यावरचा किंवा गच्चीवरचाच असतो. घर बांधताना, सोसायटीचा आराखडा संमत करताना किंवा गल्लीचे काँक्रीटीकरण ठरविताना चार हात जमीन मोकळी राखली आणि तिच्या पश्चिमेस एक कडुनिंब लावला, तर पाच-सात वर्षांत तेथे सावली धरू लागते. त्या सावलीत संध्याकाळी सडा टाकून बाज मांडण्याचे काम पुढची पिढी आपोआप करील.